नाशिकरोडच्या जपमाळा: कोणती घ्यावी, कोणती तिथेच ठेवावी

नाशिकरोडला बाळ येशू मंदिराच्या आसपास ख्रिस्ती जपमाळांची, म्हणजे रोझरींची, कमी नाही. फेब्रुवारीच्या यात्रेत तर बाहेरगावच्या भाविकांसाठी गाड्यांवर माळांचे झुबकेच्या झुबके टांगलेले असतात. लोक माळ निवडतात रंगावरून. निळी मारियामातेची, पांढरी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, लाल कुणाला तरी भेट द्यायची. घरी गेल्यावर महिन्याभरात क्रूस गळतो, मग माळ देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावर जाते आणि प्रार्थना बोटांच्या पेरांवर सुरू होते.

जपमाळ ही डोळे मिटून वापरायची वस्तू आहे. म्हणून तिची परीक्षाही डोळे मिटूनच करावी. माळ मुठीत घ्या, डोळे मिटा आणि नुसत्या अंगठ्याने मोठा मणी शोधा. चटकन सापडला नाही, तर ती माळ कितीही सुंदर असली तरी तिथेच ठेवावी. खालचे सगळे परीक्षण या एका कसोटीवर आणि ‘रोज वापरून वर्षभर टिकेल का’ या दुसऱ्या प्रश्नावर बेतलेले आहे. भेट द्यायच्या, फ्रेममध्ये लावायच्या माळांचा विचार इथे केलेला नाही.

आधी मणी मोजा

पाच दशकांच्या माळेत 59 मणी असतात. वर्तुळात दहा-दहाचे पाच गट म्हणजे 50, त्यांच्या मध्ये एकेक सुटा, मोठा मणी असे 4. वर्तुळ आणि क्रूसाची शेपूट जोडणाऱ्या पदकाखाली, शेपटीत 5: एक सुटा, तीन जवळजवळ, पुन्हा एक सुटा. म्हणजे ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचे 53 आणि ‘स्वर्गीय पित्या’ या प्रार्थनेचे 6. स्वस्त माळांत सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी. हाताने जोडणाऱ्याची मोजणी चुकते आणि पुढे कुणी तपासत नाही. पैसे देण्याआधी पाचही दशके मोजावीत, याला अर्धा मिनिट लागतो. दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी मोजावीत. अकरावा मणी असलेल्या माळेवर रोज त्याच ठिकाणी अडखळायला होते, आणि एकदा का हात आणि तोंड यांची ताटातूट झाली की उरलेले दशक हिशेबातच जाते.

काही माळांत शेपटीतला पाचवा मणी नसतो. तो दोष धरू नका. तिथे पदकावरच पहिले रहस्य (येशू-मारियेच्या जीवनातला, त्या दशकात मनन करायचा प्रसंग) म्हणायचे आणि ‘स्वर्गीय पित्या’ही तिथेच. मात्र घरात चारजण मिळून जपमाळ करत असतील तर सगळ्यांच्या माळा एकाच रचनेच्या असाव्यात, नाहीतर पहिल्या दशकालाच दोघे पुढे आणि दोघे मागे.

मण्यांइतकीच मधली जागा महत्त्वाची. मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना पाच ते आठ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ही जागा नुसती शोभेची नाही, ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव’ ही स्तुती त्याच रिकाम्या जागेत म्हटली जाते. काही नव्या माळांत मोठा मणी आणि लहान मणी एकाच मापाचे असतात, फरक फक्त रंगाचा. दिवे गेले की अशी माळ निरुपयोगी. सुट्या मण्याला निदान दोन मिलिमीटर जास्त जाडी, नाहीतर वेगळा आकार हवा.

साखळीची माळ: तुटायची जागा ठरलेली

गाड्यांवरच्या माळा बहुतेक साखळीच्या असतात. प्रत्येक मण्यातून तार घालून दोन्ही टोकांना गोल वळवलेले असते आणि ते गोल एकमेकांत किंवा लहान कड्यांनी अडकवलेले असतात. साखळीची माळ मधूनच कुठेतरी तुटते असे वाटते, पण बहुतेक वेळा ती पदकाखालच्या पहिल्या कडीतच सुटते. खिशातून काढताना आपण क्रूस धरून ओढतो, माळेचा गुंता खिशात अडकलेला असतो आणि सगळा ताण त्या एका कडीवर येतो. कडीचे तोंड नुसते दाबून मिटवलेले असेल तर ते केसभर उघडते. त्यातून आधी शेपूट सुटते. क्रूस पडलेला कळतो तेव्हा आपण बसमधून उतरलेले असतो.

घेताना त्या कडीवर नख फिरवा. नख तोंडात अडकले तर कडी उघडी आहे. झाळलेली, म्हणजे तोंड धातूने सांधलेली कडी सर्वांत चांगली, पण ती वरच्या दरातल्या माळांतच दिसते. साधी माळ घेतलीच, तर घरी निमुळत्या तोंडाच्या दोन पकडी घेऊन पदकाभोवतीच्या तीनही कड्या घट्ट मिटवून घ्याव्यात. कडी मिटवताना किंवा उघडताना तिची दोन टोके बाजूला, म्हणजे एक पुढे आणि एक मागे अशी फिरवायची. दोन्हीकडे फाकवून उघडलेली कडी पुन्हा कधीच पुरती गोल होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मोडते.

तारेची पारख लोहचुंबकाने होते. फ्रिजवर लावायचे साधे चुंबक पुरते. चुंबकाला माळ चटकन चिकटली तर आत लोखंडी तार आहे आणि वर मुलामा. नाशिकच्या पावसाळ्यात असा मुलामा घामाने आणि ओलीने निघतो, मग गोलाच्या आतल्या बाजूने गंज धरतो. बाहेरून माळ चकचकीत आणि आतून झिजलेली. पितळी तार चुंबकाला चिकटत नाही. ती काळवंडते, बोटांना हिरवट डाग देते, पण सहसा गंजून तुटत नाही. स्टेनलेस स्टीलची तार सर्वांत बरी, फक्त ती ताठ असल्याने गोल नीट मिटवलेले आहेत ना, हे पाहून घ्यावे. धातूच्या माळेने मानेला किंवा मनगटाला खाज येत असेल तर मुलाम्यातले निकेल हे नेहमीचे कारण. माळ गळ्यात घालायची सवय असणाऱ्यांना हा त्रास जास्त. गळ्यात घालायला चर्चची मनाई नाही, पण तिथे ती माळ दागिना होते आणि झिजते दुप्पट.

गाडीच्या आरशाला टांगलेल्या माळेबद्दल काय बोलावे! एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत प्लास्टिक कडक होऊन तडकते, समोरचे दिसण्यात अडथळा येतो, आणि द्वारका चौकात ती हलताना बघत कुणी प्रार्थना करत नाही.

मणी कशाचे

प्लास्टिकचा मणी साच्यातून निघतो, त्यामुळे त्याच्या कंबरेवर एक उभी रेघ असते. चांगल्या मालात ती घासून काढलेली असते, स्वस्तात तशीच. ही रेघ सुरुवातीला जाणवत नाही, पण रोज पन्नासवर वेळा अंगठा त्याच जागी घासला की बोचू लागते. मुलांसाठी मात्र प्लास्टिकच घ्यावे: हलके, धुता येणारे, हरवले तर स्वस्तात दुसरे. मुलांसाठी मणी निदान आठ मिलिमीटरचे हवेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटणाऱ्या मण्यांची माळ देऊच नये. अंधारात चमकणारे मणी हा प्रकार चेष्टेचा वाटला तरी आजारी माणसाच्या उशाशी तो फार उपयोगी. झोपण्याआधी काही मिनिटे दिव्याखाली धरला की बराच वेळ माळ अंथरुणात सापडत राहते.

काचेचे आणि स्फटिकासारखे मणी दिसायला सगळ्यांत देखणे आणि रोजच्या वापराला सगळ्यांत गैरसोयीचे. जड असतात, थंडीत हाताला गारठा देतात, घाम आला की निसटतात. शिवाय तारेच्या गोलाजवळ काचेची कड खरवडत राहते आणि भोकाशी टवका उडतो. टवका उडालेला मणी दोऱ्यात ओवला तर दोरा कापतो. पैलूदार काचेची माळ मोठ्या सणाला काढावी आणि डबीत ठेवावी.

लाकूड हेच आमच्या मते हाताला योग्य. वजन नाही, उन्हा-थंडीत सारखेच, आणि वापराने ते गुळगुळीत होत जाते. अडचण एवढीच की गाड्यांवरच्या ‘लाकडी’ माळांपैकी निम्म्यांवर रंगाचा जाड लेप असतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक मणी चोळून पाहा. फडक्याला तपकिरी लागले तर तो रंग पुढे बोटांना आणि पावसात पांढऱ्या शर्टाच्या खिशालाही लागणार. ‘चंदनाची माळ’ म्हणून जी विकली जाते तिचा वास बहुतेक वेळा वरून लावलेल्या अत्तराचा असतो आणि काही आठवड्यांत जातो. चंदनाचे पैसे देऊ नका. बेथलेहेमहून येणारी ऑलिव्हच्या लाकडाची माळ भेट म्हणून खूप दिली जाते. लाकूड सुरेख असते, पण तिचा दोरा किंवा कड्या बऱ्याचदा बारीक असतात. ती मिळाली तर मणी ठेवून गाठवण बदलून घ्यावी.

माप: तरुण हाताला 6 ते 8 मिलिमीटर, बोटांच्या सांध्यांना सूज असलेल्या किंवा बधिरपणा आलेल्या वयस्कांना 10. दहाच्या वर गेलात तर माळ एका मुठीत मावत नाही.

पंचवटीचे मणी, सराफ बाजारातली गाठवण

नाशिककरांना जी सोय आहे ती फार थोड्या शहरांत असेल, आणि बहुतेक ख्रिस्ती घरे तिचा उपयोग करत नाहीत. रामकुंडाच्या परिसरात माळा आणि मणी विकणारी दुकाने रांगेने आहेत. सराफ बाजारात दागिने गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्यांचे हात मंगळसूत्रांवर आणि मोत्यांच्या सरांवर बसलेले आहेत. लाकडी सुटे मणी, एक तीन भोकांचे पदक आणि एक क्रूस एवढे सामान नेले की तयार माळेपेक्षा कितीतरी मजबूत माळ गाठवून मिळते. गाठवणावळ मण्यांच्या किमतीहून जास्त पडेल, ती द्यावी. पैसे त्या हातकामाचेच आहेत.

मणी घेताना साधे लाकडी सुटे मणी मागावेत. 108 ची तुळशीची माळ घेऊन तोडू नये. वारकऱ्यांच्या आणि वैष्णवांच्या घरी त्या माळेला मान आहे, आणि ती उसवून तिला क्रूस लावणे विकणाऱ्यालाही आवडणार नाही आणि आपल्या घरच्या आजीलाही. लाकडाच्या जातीबद्दल चर्चचा काही नियम नाही.

पटवेकऱ्याला ही रचना नवी असते. ‘रोझरी’ म्हणून समजत नाही, म्हणून कागदावर काढून न्यावी आणि मापे लिहून न्यावीत. 8 मिलिमीटरच्या मण्यांसाठी ती अशी. दहा मणी म्हणजे 80 मिलिमीटर, पण दोन गाठींमधला दोरा 90 ते 95 ठेवायचा. ही दीड मण्याएवढी सैल जागा सगळ्यात महत्त्वाची. प्रार्थना म्हणून झालेला मणी अंगठ्याने पलीकडे सरकवता यायला हवा. दागिने गाठवणाऱ्याला मणी घट्ट बसवायची सवय असते आणि सैल गाठवण त्याला कच्चे काम वाटते. न सांगता दिलीत तर तो सगळे आवळून देईल, माळ काठीसारखी ताठ होईल. दशक संपल्यावर गाठ, आठ मिलिमीटर मोकळा दोरा, गाठ, मोठा मणी, गाठ, पुन्हा आठ मिलिमीटर आणि गाठ. असे वर्तुळ 56-57 सेंटीमीटर भरते. ते बहुतेकांच्या डोक्यातून जेमतेम जाईल किंवा जाणारही नाही, जाऊ नये म्हणूनच. शेपूट क्रूस धरून बारा-तेरा सेंटीमीटर.

दोरा कोणता, यावर पटवेकऱ्याचे ऐकावे, दोन गोष्टी सोडून. तंगूस नको. तो कडक असतो, गाठ सुटते आणि लाकडी मण्याच्या भोकाची कड कापत जाते. सुती दोराही नको. तो घाम आणि पावसाची ओल धरून ठेवतो, काळा पडतो आणि आतून कुजतो. पीळ दिलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा साधारण एक मिलिमीटरचा दोरा घ्यावा, मण्याचे भोक दीड ते दोन मिलिमीटरचे असेल तर तो आरामात जातो. गाठ मात्र भोकात शिरू नये एवढी दुहेरी हवी. रेशीम सुरेख दिसते, पण हाताच्या तेलाने लवकर मळते. पदकाशी आणि क्रूसाशी दोरा थेट पातळ पत्र्याच्या भोकातून ओवला तर पत्र्याची धार तो कापते, तिथे झाळलेली कडी घालून तिच्यातून दोरा घ्यायला सांगावे. गोंडा, कलाबतू, मोती यांना नम्रपणे नाही म्हणावे.

काम हाती आल्यावर पुन्हा मोजायचे. दहा, एक, दहा, एक.

नुसत्या गाठींची माळ

मणीच नसलेली, दोऱ्याच्या गाठींची जपमाळ इकडे दुकानात क्वचित मिळते, पण घरी करता येते. रोज कामावर घेऊन जायला हिच्याइतकी चांगली दुसरी माळ नाही. आवाज नाही, वजन नाही, धातू नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहणाऱ्याच्या खिशात ती रुतत नाही. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, तिथे धातूची माळ बाहेर काढून ठेवावी लागते, हिच्यात धातू नसतोच, तरी तंत्रज्ञाला विचारूनच आत न्यावी. साबणाने धुता येते.

दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा, पीळ घट्ट असलेला नायलॉनचा दोरा सहा मीटर घ्या. दोरा तर्जनीभोवती तीन वेढे द्यायचा, टोक बोट आणि वेढे यांच्यामधून आडवे काढायचे, वेढे बोटावरून उतरवायचे आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढायचे. पिंपाच्या आकाराची गाठ बसते. तीन वेढ्यांची ‘नमो मारिया’ची, चार वेढ्यांची ‘स्वर्गीय पित्या’ची. आधी वर्तुळ: दहा, जागा, एक मोठी, जागा, दहा, असे पाचव्या दशकापर्यंत. मग दोन्ही टोके एकत्र घेऊन एक मोठी गाठ मारायची, ती पदकाच्या जागी. त्याखाली एकाच दोऱ्यावर शेपटीच्या पाच गाठी, शेवटी लाकडी क्रूस किंवा गाठींचाच क्रूस. जादा दोरा कापून टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरले की नायलॉन वितळून बंद होते. ज्योतीत घालू नका, काळे होते आणि कड टोचते.

बिघडते कुठे? वेढे एकमेकांवर चढले तर गाठ वाकडी बसते, आणि एकदा आवळलेली गाठ सुटत नाही. म्हणून पूर्ण आवळण्याआधी तिला तिच्या जागी सरकवून घ्यावे. दुसरी चूक म्हणजे गाठी एकमेकींना चिकटवणे. दोन गाठींमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट हवी, नाहीतर अंगठ्याला दोन्ही एकच वाटतात. पहिली माळ बहुधा कमी-जास्त अंतराची होते. वापरायला ती चालते.

अंगठी, कडे, फोन

दहा खुणा आणि एक क्रूस असलेली अंगठी प्रवासात बरी. सिटीलिंकच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ती फिरवता येते. माप सैल घ्यावे, अंगठी बोटावर फिरायलाच हवी. दुचाकी चालवताना मात्र अंगठीही नको आणि माळही नको, तोंडी म्हणा. इलॅस्टिकमध्ये ओवलेले दहा मण्यांचे कडे वर्षभरही टिकत नाही. घामाने आणि ताणाने रबर मरते आणि मणी रस्त्यावर. बोटात घालायचे आकडा मोजणारे बटणाचे यंत्र जपाची संख्या दाखवते, पण रहस्य कुठे बदलले ते सांगत नाही, त्यामुळे जपमाळेला ते निरुपयोगीच. फोनवरच्या ॲपचा उपयोग पाठ नसलेल्यांना होतो. पाठ झाल्यावर फोन बाजूला ठेवावा, कारण प्रार्थनेच्या मधोमध व्हॉट्सॲप वाजायचे थांबत नाही.

शरणपूरच्या जुन्या प्रोटेस्टंट घरांतून जपमाळ नसते, पण तिकडेही काहींना हातात धरून प्रार्थना करायला काही हवे असते. अँग्लिकन मंडळींत 1980 च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली 33 मण्यांची माळ त्यांना सोयीची: सात-सातचे चार गट, चार मोठे मणी आणि सुरुवातीचा एक. तिच्यावर ठरलेल्या प्रार्थना नाहीत, स्तोत्रातली एखादी ओळही चालते. तीच दुकाने, तोच पटवेकरी.

वापरताना

मराठीतली ‘नमो मारिया’ न घाई करता म्हणायला बारा ते पंधरा सेकंद लागतात. 53 वेळा म्हणजे दहा-तेरा मिनिटे, बाकीच्या प्रार्थना आणि रहस्ये धरून पाच दशकांना वीस मिनिटे. दहा मिनिटांत संपत असेल तर वाक्ये गिळली जात आहेत. घरच्या जपमाळेत पहिला अर्धा भाग म्हणणारा आणि उत्तर देणारे एकमेकांच्या शेवटच्या शब्दांवर चढतात, हे त्याचे ठळक लक्षण. म्हणणाऱ्याने ‘येशू’ या नावावर क्षणभर थांबावे, वेग आपोआप उतरतो.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची पाच रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 च्या ऑक्टोबरात सुचवली. म्हणून जुन्या प्रार्थनापुस्तकात ती सापडत नाहीत आणि आजी गुरुवारी आनंदाचीच म्हणते. तिला टोकू नये, चालते.

मन भरकटले तर मागे जाऊन दशक पुन्हा सुरू करू नका, अंगठा जिथे आहे तिथून पुढे जा. मागे जाणाऱ्यांची माळ संपत नाही आणि मग उद्यापासून ती उचललीच जात नाही. पाच दशके दिवसभरात तुकड्या-तुकड्याने केली तरी प्रार्थना ती प्रार्थनाच. मात्र चर्चमध्ये, कुटुंबात किंवा मंडळीत मिळून म्हटलेल्या जपमाळेला जी पूर्ण इंडल्जन्स (चर्चकडून मिळणारी पापांच्या शिक्षेची माफी) आहे, तिच्यासाठी पाच दशके सलग लागतात. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटीही तिला आहेतच.

बाळ येशूची लहान माळ

बाळ येशूच्या नावाची एक वेगळी लहान माळ असते, ती पाच दशकांची समजून घेऊ नये. तिच्यात 15 मणी: येशू, मारिया आणि योसेफ यांच्या मानासाठी ‘स्वर्गीय पित्या’चे तीन आणि येशूच्या बालपणाच्या बारा वर्षांसाठी ‘नमो मारिया’चे बारा. 17 व्या शतकात फ्रान्समधल्या बोन गावच्या कार्मेल मठातल्या सिस्टर मार्गरेट यांच्यापासून ती आली. पाच मिनिटांत होते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ती चांगली. घेताना पदकावर बाळ येशूच आहे ना, ते पाहा, बऱ्याचदा दुसरेच पदक लावलेले असते.

आशीर्वाद आणि जुनी माळ

‘आधीच आशीर्वाद दिलेली आहे’ असे सांगून कुणी माळ विकत असेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका. आशीर्वादित वस्तू विकली गेली की तिच्याशी जोडलेली इंडल्जन्स राहत नाही, म्हणून विकत आधी घ्यायची आणि आशीर्वाद नंतर. मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीच्या दाराशी फादरांना विचारावे, मिनिटभराचे काम आहे. एक-दोन मणी किंवा दोरा बदलला तर पुन्हा आशीर्वाद लागत नाही. सगळेच बदलले तर ती नवी माळ धरावी.

पार मोडलेली माळ कचऱ्यात टाकू नये आणि गोदावरीतही सोडू नये. नदीत सोडण्याची रीत आपल्याकडची नाही, आणि प्लास्टिक पुलाखालीच अडकून बसते. लाकडी माळ नायलॉनचा दोरा काढून जाळून राख कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी घालावी. धातूची जमिनीत पुरावी. प्लास्टिक जाळू नका, धूर वाईट असतो. कड्या उघडून मणी, पदक आणि क्रूस सुटे करावेत. क्रूस आणि पदक चांगले असेल तर तेच नव्या माळेला लावून घ्यावे, बाकीचे मणी पुरावेत. पॅरिशच्या कार्यालयात विचारलेत तर बरेच फादर अशा वस्तू ठेवूनही घेतात.